पिवळ्या लाकडाचं नाव

मु. सावरटोला, ता. धानोरा
६ मे २०२३

चि. साक्षीस,
केसरआत्याचा सप्रेम जयभीम व पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही बरे आहोत. तुम्ही तिघंही बरे असाल असं धरून चालते, कारण तुझा बाप स्वतःहून काही कळवणार नाई. काल बुद्धपौर्णिमेले आमच्या नव्या विहाराच्या पायाची कुदळ मारली. जेवणात बुंदी होती. तुझ्या बापाची, वामनची, आठवण आली. चिमूरले लहानपणी तो बुंदी खिशात भरून आणायचा अन् रात्री मुंग्या मले चावायच्या.

आता कामाचं सांगते. विहाराच्या जागेत कोपऱ्यात एक जुनं झाड होतं. पायरी तिथंच येत होती, म्हून रीतसर परवानगी काढून ते पाडलं. उन्हाळ्यामुळं त्याच्यावर एक पान नव्हतं, अन् पळसवेलीनं ते असं गुंडाळून टाकलं होतं का खालचं झाड कोणी कधी नीट पायलंच नाई. पाडलं तर आतून पिवळंधम्मक निघालं. मुखरूभाऊ, म्हणजे आमच्या विहार समितीचे अध्यक्ष, जवानीत जंगलात झाडतोडीच्या कामावर होते. त्यायनं एक नजर टाकली अन् सांगतलं का हळदू आहे, चुलीत घाला. फांद्या लोकायनं तिथंच तोडून नेल्या. बुंध्यावर कुऱ्हाड पडणार तेवढ्यात मी जाऊन त्याच्यावर बसली.

बसली याचं कारण असं का मूर्तीच्या भोवती कठडा द्यायचं आम्हा बायांच्या मंडळानं कबूल केलं आहे. समितीले स्टीलच्या नळ्यांचा पाहिजे, दवाखान्यात असते तसा. मी सभेत उभी राहून बोलून गेली का माझी भाची खरादेवर लाकूड कातते, ती याच झाडाचा कठडा करून देईल. सारे हसले. मुखरूभाऊ म्हणाले का पुढच्या बुद्धपौर्णिमेपर्यंत थांबतो, मंग स्टील आणतो.

एक तुकडा पिशवीत बांधून एसटीनं पाठवून राह्यली. फोन करू नको. इथला टॉवर मनाले आलं तर बोलते, अन् लाकडाचा वास फोनवर येत नाई. हे हळदूच आहे काय अन् याचा कठडा होईल काय, ते हाती घेऊन पाह्य अन् लिही. बायांसमोर माझी मान तुझ्या हाती आहे.

वामनले रागावू नको म्हणावं. तुझ्यावर जीव आहेच, तो असाच राहील.

तुझी,
केसरआत्या

*

घुग्घुस
१८ मे २०२३

ती. आत्यास,
साक्षीचा सप्रेम जयभीम. विनंती विशेष.

पिशवी गडचिरोली, चंद्रपूर करत सुखरूप पोहोचली. कंडक्टरनं ती देताना विचारलं की आत दगड आहे काय.

आत्या, सभेत उभं राहण्याआधी मला विचारायचं तरी होतंस. मी आजवर लाटणी, पाटाचे पाय आणि खाटेचे खूर सोडून काही कातलेलं नाही. तुला सगळं माहीत नाही म्हणून सांगते. आयटीआयतून टर्नर होऊन मी इथल्या एका वर्कशॉपमध्ये लागले, पण तिथं मला कधी मशीनला हात लावू दिला नाही. रजिस्टर लिहायचं आणि पाहुणे आले की चहा सांगायचा. जानेवारीत सोडलं. वहाबचाचा म्हणून इथले जुने खरादी आहेत. त्यांची नजर आता कमी झाली, तर त्यांची लाकडाची खराद मी घेतली आणि काम त्यांच्याकडेच शिकते आहे. बाबांना हे अजिबात पटलेलं नाही. लोखंडाचं शिकून लाकडाचे खूर कातत बसली, असं ते रोज एकदा तरी म्हणतात. दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. तोवर जम बसला नाही तर सिमेंट कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी करायची, असं ठरलं आहे. म्हणजे त्यांनी ठरवलं आहे.

तुकडा पाहिला. पिवळा रंग, दाणा बारीक. मलाही हळदूच वाटतो. हळदू असेल तर खरादीचं नशीबच, कारण तो मऊ चालतो, फाटत नाही, आणि त्यावर नक्षी सुरेख उठते. वहाबचाचांनी मात्र तुकडा बराच वेळ हातात तोलला. म्हणाले, हळदूच्या मानानं जड आहे, पण ओला आहे, ओलं लाकूड जडच लागतं. मग त्यांनीही हळदूच धरला.

तू बुंधा पाठव. दोन्ही टोकांना ऑइलपेंट फासून पाठव, नाहीतर उन्हानं तडकेल. आणि मंडळातल्या बायांना एवढ्यात काही सांगू नकोस.

आई लोणच्याची वाट पाहते. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस, सध्या तीच जमा आहे.

तुझी,
साक्षी

*

मु. सावरटोला
११ जून २०२३

चि. साक्षीस,
आत्याचा जयभीम व आशीर्वाद.

बुंध्याचे ओंडके करून, वनखात्याचा पास काढून, टेम्पोनं पाठवले. सोबत लोणच्याची बरणी आहे, ती ओंडक्यांच्या आधी उतरव. टोकांले रंग आंगणवाडीतला उरलेला लावला, म्हून एक टोक हिरवं अन् एक गुलाबी दिसन. हसू नको.

बायांले काही सांगू नको म्हणतेस, पण त्यायले मी सारंच सांगून बसली. आता त्या रोज इचारतात. मुखरूभाऊ गडचिरोलीले जाऊन स्टीलचा भाव काढून आले अन् तो कागद मले मुद्दाम दाखवून गेले. मी चष्मा घरी राह्यला म्हणून सांगतलं.

तू आपल्या कामाले लाग. बापाचं बोलणं एका कानानं ऐक. तो मनात वाईट नाई, फक्त त्याले भीती वाटली का त्याचा आवाज चढते. लहानपणापासून तसाच आहे.

इथून सगळ्यांची माया धरून घे.

केसरआत्या

*

घुग्घुस
२० जुलै २०२३

ती. आत्यास,
साक्षीचा जयभीम.

हे पत्र आईच्या हातानं लिहून घेते आहे. घाबरू नकोस. माझे हात सुजले आहेत म्हणून.

कठड्याचा पहिला खांब खरादेवर चढवला तेव्हाच शंका यायला हवी होती. पटाशीला धार लावावी आणि थोड्या वेळात ती बोथट व्हावी, असं चाललं होतं. हळदू असा वागत नाही. पण आत्या, लाकूड उघडत गेलं तसा त्यातून जो उजेड निघाला तो मी कधी पाहिलेला नाही. पिवळ्यावर रेशमाच्या पट्ट्या ओढाव्यात तशी चमक, खांब फिरवला की पट्टी सरकते. मी इतकी खूश होते की नाकातोंडावर रुमालही बांधला नाही.

दुसऱ्या दिवशी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, मग मानेवर, मग पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. डॉक्टरांनी मलम दिलं, आता उतार आहे. बाबांनी खरादेच्या शेडला कुलूप घातलं. त्यांचं म्हणणं, हे विषारी झाड आहे, सगळे ओंडके नाल्यात टाका. मी त्यांच्याशी भांडले नाही, कारण मलाही तीच भीती आहे. माझ्या हातांचं सोड. उद्या विहारात लहान मुलं याच कठड्याला धरून उभी राहतील, तुम्ही बाया हात टेकवाल. त्यांचे हात असे झाले तर? जे लाकूड काय आहे तेच ठाऊक नाही, ते मी बुद्धाच्या मूर्तीसमोर कसं लावू?

वहाबचाचा घरी येऊन गेले. त्यांच्याकडचा जुना वाळलेला हळदूचा तुकडा आणि तू पहिल्यांदा पाठवलेला तुकडा, जो आता खडखडीत वाळला आहे, असे दोन्ही आम्ही बादलीत टाकले. हळदू निवांत तरंगला. तुझा जवळजवळ सगळा पाण्याखाली गेला, फक्त वरची कड दिसत राहिली. हळदूवर नख उमटतं, याच्यावर माझंच नख मोडलं. हळदूला वास नाही, याला ताजं कापलं की गोडसर वास येतो. तर आत्या, हे हळदू नाही, एवढं पक्कं. मग काय आहे, ते चाचांनाही सांगता येत नाही. ते म्हणतात, त्यांच्याकडे लाकूड नेहमी सोललेलं आलं, झाड त्यांनी कधी पाहिलं नाही.

पान पाहिल्याशिवाय उलगडा होणार नाही. पण झाड पडलं तेव्हा पानं नव्हती आणि फांद्या केव्हाच जळाल्या. जमिनीतला बुंधा तरी शिल्लक आहे का? त्याला जीव असेल तर या पावसात काही फुटलं असेल. जाऊन पाहशील?

तुझी माया आणि हे मलम, दोन्ही लागत आहेत.

साक्षी

*

मु. सावरटोला
९ ऑगस्ट २०२३

चि. साक्षीस,
आत्याचा जयभीम. तुझ्या डोळ्यांची सूज उतरली असन अशी आशा करते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी पाऊस धो धो होता. मी घोंगडं घेऊन तशीच निघाली. बुंधा आहे. उकरताना माणसं थकली म्हून पायरीच्या कडेले तसाच सोडून दिला होता, वर वाळूचा ढीग पडलेला. वाळू हातानं सारली तर खालून कोंब फुटलेले, चांगले वीतभर. मी तिथंच चिखलात बसली अन् पान पायलं.

हळदूचं पान कसं असते तुले माहीत आहे, गोल, मोठं, पिंपळाचा भाऊ वाटते. हे तसं नाईच. चिंचेसारखी बारीक पानं, एका काडीवर दोन्ही बाजूनं ओळीनं, रंग थोडा राखेसारखा. चुरगाळलं तर लिंबाच्या पानासारखा वास आला, पण त्याहून तिखट. मले एकदम आमचं चिमूरचं घर आठवलं. आमच्या आईनं सरपणात हे पान पायलं का ती फांदी बाजूले काढायची. म्हणायची का हे लाकूड जळते चांगलं, पण फोडणाऱ्याले खाजवते. नाव जिभेवर होतं पण येत नव्हतं. वय झालं ना.

मंग मी ती डहाळी घेऊन गावात फिरली. काही सांगतलं नाई, फक्त दाखवून इचारलं. शेजारच्या टोल्यावरचे जंगू म्हणाले भेरा. दूधवाली म्हणाली भेरा. आंगणवाडीतली नवी मास्तरीण तर पानाले हात लावायच्या आधीच म्हणाली. शेवटी मुखरूभाऊच्या अंगणात गेली. त्यायनं डहाळी घेतली, वास घेतला, अन् म्हणाले, "हे तर भेरा आहे, बाई. कोणीही सांगन." मी म्हटलं, मंग मेमध्ये काऊन नाई सांगतलं. तर म्हणतात का मेमध्ये मले कोणी पान दाखवलं नाई. हे मात्र त्यायचं खरं आहे.

अन् मंग त्यायनं आपल्या मनानंच सांगतलं का जंगलात भेरा चिरायचा असला का आरेवाले नाकाले फडकं अन् हाताले तेल लावूनच बसत. भुसा बाधतो, तोही सगळ्यांले नाई. पण त्याच लाकडाच्या दांड्यांचे नांगर लोक जन्मभर हातानं वापरत, त्यायले काही होत नसे.

डहाळी कागदात दाबून पाठवून राह्यली. लाकडाले नाव मिळालं, पोरी. आता पुढचं तू ठरव. तू नाही म्हटलं तर मी बायांसमोर जाऊन स्टील म्हणीन, माझी काही मान मोडत नाई.

तुझ्यावर सगळा भरवसा ठेवून,
केसरआत्या

*

घुग्घुस
२४ सप्टेंबर २०२३

ती. केसरबाईस,
वामनचा सप्रेम जयभीम.

बाई, तू मले पत्र लिहायले लावलं. साक्षीच्या हाताले आता काही नाई, पण ती म्हणते का तुमच्या बहिणीले तुम्हीच सांगा, म्हून लिहून राह्यलो.

तुझी डहाळी आली त्या दिवशी वहाबभाई घरी आले. भेरा म्हटल्यावर त्यायले आठवलं का त्यांच्या उस्तादांनी याच लाकडाचे सुरमेदाणीचे डबे कातले होते, अन् ते त्यांच्या घरी अजून आहेत, रोज हातात असतात. मी म्हटलं का डब्याचं डब्याजवळ, माझ्या पोरीचे डोळे मी पायले आहेत. तर ही पोट्टी काय करते? दुसऱ्या दिवशी तोंडाले फडकं, हातात मोजे, बाहीचा सदरा, अन् मागच्या खिडकीतून शेडमध्ये शिरली. किल्ली माझ्यापाशीच. लाकडाचं एक कडं कातून, घासून, तेल पाजून, दहा वेळा पुसून तिनं ते हातात घातलं. ज्या हाताले सगळ्यात जास्त उठलं होतं त्याच हातात. म्हणाली, "बाबा, महिनाभर काढणार नाही. उठलं तर ओंडके मी स्वतः नाल्यात टाकीन."

मी रोज सकाळी तिचा हात पाहत होतो. ती झोपेत असली तरी पाहत होतो, हे तिले सांगू नको. काही उठलं नाई. डाग नाई, लाली नाई. तरी माझं समाधान होईना. मी म्हटलं का एकटीच्या हातावरून काय ठरवायचं, मलेही एक करून दे. आता माझ्याही हातात आहे. म्हाताऱ्याच्या हातात पिवळं कडं पाहून चौकात लोक हसतात. मी काढत नाई.

अन् दुसरं असं का मी खाणीत जन्मभर पंख्यावर होतो. खालच्या माणसाले चांगली हवा देणं अन् धूळ ओढून बाहेर टाकणं, हेच माझं काम. मग माझ्याच घरात पोरगी भुशात उभी राहते अन् मी कुलूप घालतो, हे काही बरोबर दिसत नव्हतं. भंगारातून एक पंखा आणला, पत्र्याची नळी बसवली, खरादेच्या तोंडाशी जोडली. आता भुसा उडाल्याबरोबर नळीत जातो अन् मागच्या खड्ड्यात पडतो. वहाबभाई म्हणाले का असा खरादखाना त्यायनं नागपुरातही पायला नाई.

वजनकाट्याच्या नोकरीचं मी त्या लोकांले नाई म्हणून कळवलं. साक्षीले अजून सांगतलं नाई. तू पत्रात लिहू नको, मीच सांगीन.

तब्येतीले जप. भावाची ओढ आहेच, ती लिहून दाखवता येत नाई.

तुझा,
वामन

*

घुग्घुस
३ एप्रिल २०२४

ती. आत्यास,
साक्षीचा सप्रेम जयभीम.

खांब झाले. सगळे झाले!

एवढंच लिहून पत्र टाकावं असं वाटत होतं, पण तू रागावशील. पावसाळ्यानंतर सगळे तुकडे ढोबळ कातून सावलीत वाळत ठेवले होते. भेरा फार सावकाश वाळतो, आणि घाई केली की तडकतो. हिवाळ्यात तीन खांब उभे तडकले. त्या दिवशी मी जेवले नाही. बाबांनी मग उरलेल्यांवर ओली पोती टाकली, रोज थोडी थोडी काढत गेले, जशी खाणीत ते हवा मोजून सोडत तशी. त्यानंतर एकही तडकला नाही. तडकलेल्यांच्या बदल्यात जाड ओंडक्यातून नवे काढले.

आकार मी साधाच ठेवला आहे. खाली घट, मध्ये कमळाची मिटलेली कळी, वर बारीक मान. वहाबचाचांना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, म्हणून त्यांनी प्रत्येक खांब बोटांनी तपासला. एका खांबाच्या मानेशी त्यांचं बोट थांबलं, म्हणाले इथं केसभर जास्त आहे. होतं. काढलं. शेवटच्या खांबावरून त्यांनी हात फिरवला आणि त्यांची स्वतःची पटाशी, शिसमाच्या मुठीची, माझ्या खरादेवर ठेवून निघून गेले.

अजून एक. ज्या वर्कशॉपमध्ये मी चहा सांगायची, तिथले मालक परवा आले. त्यांना लोखंड ओतण्यासाठी लाकडी साचे कातून हवे आहेत आणि इथं तसं बारीक काम करणारं दुसरं कोणी नाही. त्यांनी सवयीनं बाबांनाच विचारलं, जमेल का म्हणून. बाबा खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "मशीन तिची आहे, तिले इचारा." मग मालक माझ्याकडे वळले. मी त्यांना बसायला सांगितलं, आणि चहा बाबांनी आणला. काम घेतलं आहे, माझ्या अटींवर.

आम्ही पौर्णिमेच्या दोन दिवस आधी टेम्पो घेऊन येतो. चाचाही येतो म्हणतात. त्यांच्या चहात साखर नको.

माया तशीच राहू दे, आता ती ठेवायला घरात जागाही आहे.

तुझी,
साक्षी

*

मु. सावरटोला
२ जून २०२४

चि. साक्षीस,
आत्याचा जयभीम, अन् गावातल्या सगळ्या बायांचा जयभीम.

तुम्ही गेल्यापासून गाव सुनं लागते, पण विहार भरलेला असते. तू समारंभाच्या गडबडीत होती, म्हून तुले काही गोष्टी दिसल्या नाईत, त्या सांगते.

सकाळी पूर्वेचं दार उघडलं अन् ऊन आत आलं तेव्हा तू बाहेर फुलं उतरवून घेत होती. आत आम्ही बाया होतो अन् मुखरूभाऊ. ऊन कठड्यावर पडलं अन् सगळे खांब एकदम आतून दिवा लागल्यासारखे झाले. मुखरूभाऊ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, कारण चाललं का चमकही सोबत चालते. परत आले, परत गेले. मंग खिशातून स्टीलच्या भावाचा कागद काढला, त्याच्यात अगरबत्तीची राख गोळा केली अन् बाहेर टाकून आले. मले म्हणाले का बाई, तू बुंध्यावर बसली ते बरं केलं. एवढं त्यायच्या तोंडून निघणं म्हणजे तुले काय सांगू. आता रोज सकाळी कठडा तेच पुसतात, दुसऱ्या कोणाले हात लावू देत नाईत. पाहुणे आले का सांगतात, भेरा आहे, आमच्याच जागेतला, आमच्याच पोरीनं कातला. तू त्यायची पोरगी कधी झाली हे मले माहीत नाई.

मुरूमगावच्या विहाराचे लोक पाहून गेले. त्यायले व्यासपीठाले खांब पाहिजेत. तुझा पत्ता दिला. लाकूड आधी पानासकट दाखवा, असं मी त्यायले बजावलं आहे.

आता शेवटचं. वंदना झाली का आम्ही म्हाताऱ्या खालून उठताना नेहमी एकमेकींकडे पाहत बसायचो, कोणाची सून, कोणाची नात हात द्यायले येते म्हून. समारंभानंतरच्या रविवारी सुना पोळ्या करायले आधीच निघून गेल्या होत्या. आम्ही बसलेल्या. मी हात लांब केला तर तुझा खांब हाताशीच होता, कळीच्या खाली मुठीत बरोबर मावते तिथं. धरला, गुडघा टेकवला, अन् उठली. मी उठली ते पाहून शेजारची उठली, मंग तिच्या पलीकडची. एक एक खांब धरून सारी ओळ उभी झाली, कोणाले हाक न मारता. उभ्या राहून आम्ही एकमेकींकडे पायलं अन् अशा हसलो का बाहेरची पोरं आत धावत आली.

आता रोज तशाच उठतो.

जीव लावत राहा, खांबाले अन् आम्हाले.

तुझी,
केसरआत्या